पोच

डिसेंबर लागला की नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे जाणारे रस्ते एकेक करून अरुंद व्हायला लागतात. विधानभवनाच्या आसपास बल्ल्या रोवल्या जातात, ट्रकांमधून लोखंडी बॅरिकेड उतरतात, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले पोलीस सकाळच्या थंडीत चौकाचौकांत उभे राहतात. यशवंत स्टेडियम आणि पटवर्धन मैदानाच्या बाजूला धरण्याचे मंडप पडतात. आणि वर्तमानपत्रांत आजच्या मोर्चांची छोटी चौकट यायला लागते. संघटनेचं नाव, निघण्याचं ठिकाण, अंदाजे संख्या, आणि मोर्चा कुठे थांबवला जाणार ते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, एलआयसी चौक, श्रीमोहिनी कॉम्प्लेक्स.

त्या चौकटीतली शेवटची नोंद नीट वाचण्यासारखी असते. मोर्चा निघायच्या आधीच तो कुठे अडणार हे ठरलेलं असतं. पोलिसांना ठाऊक, मोर्चेकऱ्यांना ठाऊक, त्या रस्त्याने रोज कामाला जाणाऱ्यालाही ठाऊक. हे सरसकट गैर आहे असं मला म्हणायचं नाही. शहराला रस्ते लागतात, मेयो रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका कोणाच्याही घोषणेसाठी अडकू नये. पण त्या थांबवण्याच्या जागेपासून, ज्याला सांगायला आलो त्याच्यापर्यंत किती अंतर उरतं? निषेधाच्या हक्काचं बरंचसं भांडण या अंतरात आहे असं मला वाटतं. ‘बोलू नका’ असं आता सहसा कोणी म्हणत नाही. बोला, पण तिकडे जाऊन बोला, असं म्हणतात.

अर्ज दिल्यावर कचेरीतून शिक्का मारून मिळते ती पोच. आणि आवाज जिथे जायला हवा तिथे जातो, तेही पोचणंच. मोर्चाच्या कामात हे दोन्ही लागतात, आणि पहिली पोच हातात नसेल तर दुसरी मिळणं फार कठीण जातं.

नागपुरात या अंतराचं भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला तो याच सिव्हिल लाइन्सच्या वेशीवर. राष्ट्रीय झेंडा घेऊन गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतून मिरवणूक न्यायची नाही, असा १४४ कलमाखाली हुकूम होता. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघायच्या, बंदीच्या हद्दीशी पोचायच्या आणि अटक व्हायच्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हातात घेतली, आणि १८ ऑगस्टला शंभर स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. गावात झेंडा फिरवायला मोकळीक होती की नव्हती, हा त्या लढ्याचा मुद्दाच नव्हता. सत्ता जिथे राहते तिथपर्यंत तो जाऊ शकतो का, हा मुद्दा होता. आज त्याच सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन उभं आहे.

आणि हिवाळी अधिवेशन इथे भरतं, त्याच्याही मुळाशी अंतरच आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला सांगितलं होतं की सरकार वर्षातून ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. गडचिरोलीच्या, बुलडाण्याच्या माणसाला मुंबई लांब पडते, म्हणून सरकारने जवळ यावं. आता सरकार नागपूरपर्यंत येतं. उरलेले दीड-दोन किलोमीटर म्हणजे स्टेडियमपासून विधानभवनापर्यंतचे.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण मोर्चा काढणारे आणि अडवणारे, दोघांचाही तिथे घोळ होतो. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने बोलण्याचं आणि १९(१)(ब) ने शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्याच्यावर वाजवी बंधनं घालता येतात. जमण्याच्या हक्काच्या बाबतीत ती सार्वजनिक सुव्यवस्था आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता यांच्या कारणासाठीच. मग परवानगीचा प्रश्न कुठून आला? तो आला १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातून, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचं कलम ३३ पोलीस आयुक्तांना मिरवणुका आणि सभांचं नियमन करण्याचे नियम बनवू देतं. नियमन हा शब्द इथे कळीचा.

१९६९ मध्ये अहमदाबादेत विद्यार्थ्यांच्या संपासंबंधी रस्त्यावर सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली. गुजरातला हाच कायदा लागू होता. हिंमतलाल शाह यांचं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं, आणि १९७२ मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द केला. कारण परवानगी कधी द्यायची, कधी नाकारायची याचा कोणताही निकष त्यात नव्हता, सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं. रस्त्यावरच्या सभांचं नियमन करा, पण सगळ्याच सार्वजनिक रस्त्यांवरून सभा हद्दपार करता येणार नाहीत, असा त्या निकालाचा गाभा आहे. ‘रस्ता वाहतुकीसाठी असतो, मोर्चासाठी नाही’ हे वाक्य ज्या अधिकाऱ्याच्या तोंडी येतं, त्याच्यासमोर हा निकाल शांतपणे ठेवावा. अर्जातच नाव आणि वर्ष लिहावं. उपयोग होतो.

दुसरी बाजूही नागपूरनेच देशाला दिली आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. १९५६ च्या जानेवारीत एम्प्रेस मिलच्या कामगारांमध्ये दोन संघटनांचा वाद पेटला होता, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी मिलच्या परिसरात १४४ कलम लावून जमावबंदी केली. कामगार नेते बाबूलाल पराते यांनी या कलमालाच आव्हान दिलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. दंगल होईपर्यंत थांबायची सरकारवर सक्ती नाही, आधीच उपाय करता येतो, असा तो निकाल. जमावबंदीच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात आजही त्याचा दाखला दिला जातो. म्हणजे एम्प्रेस मिलचा भोंगा बंद होऊन कित्येक वर्षं झाली, तरी तिच्या फाटकावरचा तो हुकूम देशभर चालूच आहे.

या दोन निकालांच्या मध्ये आपण उभे असतो. १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: असा हुकूम जाहीर झाला पाहिजे, त्यात कारणं हवीत, आणि केवळ मतभेद दाबण्यासाठी तो वापरता येणार नाही. हुकूमच दिसला नाही तर त्याला आव्हान तरी कसं देणार? म्हणून ‘जमावबंदी लागू आहे’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: प्रत कुठे आहे?

प्रत हाती आली की चार गोष्टी बघाव्यात. कोणत्या कलमाखाली आहे, कोणी सही केली, कोणती हद्द आणि कोणत्या तारखेपर्यंत. शहरात दोन वेगवेगळ्या हुकमांची गल्लत होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७: त्याच्या पोटकलम १ खाली लाठ्या, शस्त्रं, दगड बाळगणं, भडकाऊ घोषणा यांना मनाई होते, आणि पोटकलम ३ खाली सभा-मिरवणुकांनाच. हा पोटकलम ३ चा मनाई हुकूम राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून जास्त चालत नाही. दुसरा हुकूम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं १४४. तो दोन महिन्यांपर्यंत चालतो, आणि पुढे वाढवायचा तर राज्य शासनालाच अधिकार आहे. संचारबंदी ही त्याहून वेगळी आणि जड गोष्ट. १७ मार्च २०२५ च्या हिंसाचारानंतर शहरातल्या काही ठाण्यांच्या हद्दीत ती लागली, तेव्हा घराबाहेर पडण्यावरच बंधन होतं. जमावबंदीत तुम्ही रस्त्यावर असू शकता, जमाव करू शकत नाही. ही दोन नावं सैलपणे वापरली की लोक नको तिथे घाबरतात आणि हवं तिथे गाफील राहतात.

कलम ३७ चा हुकूम वर्षभर या ना त्या सणाच्या, परीक्षेच्या, निवडणुकीच्या कारणाने पुन्हा पुन्हा निघत राहिला, तर त्या पंधरा दिवसांच्या मर्यादेला अर्थ काय उरतो? अपवाद म्हणून दिलेली ताकद रोजच्या वापरात आली की तिची कारणंही रोजची, छापील होतात. मला हे साध्या लाठीमारापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण लाठीमार दिसतो.

आता अर्जाकडे येऊ. मोर्चा जितका रस्त्यावर घडतो, तितकाच तो अर्जावर घडतो. अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे, विशेष शाखेकडे. एक प्रत जिथून निघणार त्या ठाण्याच्या ठाणेदाराला, एक वाहतूक शाखेला, आणि मैदान किंवा मंडप महापालिकेच्या जागेवर असेल तर झोन कार्यालयाला. अधिवेशनाच्या काळात दहा-बारा दिवस आधी दिला तर बोलायला वेळ मिळतो. तीन दिवस आधी दिला तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळतं. त्यात संघटनेचं नाव, जबाबदार पाच जणांची नावं आणि फोन, तारीख, निघण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग चौकांच्या नावांसह, अंदाजे संख्या, त्यात महिला किती, वाहनं किती आणि ती कुठे उभी राहणार, भोंगे किती, कोणाला निवेदन द्यायचं आणि शिष्टमंडळात कोण. मार्गाचा हाताने काढलेला नकाशा जोडला तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात. आणि प्रत्येक प्रतीवर पोच: शिक्का, आवक क्रमांक, तारीख. टेबलावरचा माणूस ‘ठेवून जा’ म्हणाला तर ठेवून जाऊ नये.

संख्येत लोक सर्वांत जास्त चूक करतात. परवानगी सहज मिळावी म्हणून पाचशे लिहितात आणि तीन हजार येतात. मग पाचशेंसाठी लावलेला बंदोबस्त तीन हजारांसमोर उभा राहतो, आणि संख्येने कमी पडलेला, घाबरलेला शिपाई लाठी लवकर उचलतो. उलट पाच हजार लिहून चारशे आले तर पुढच्या वर्षी त्या संघटनेच्या शब्दाला किंमत राहत नाही. खरा आकडा लिहावा, आणि गाड्या किती ठरल्या त्यावरून तो काढावा.

नकार तोंडी मिळाला तर तो नकार धरू नये. ‘आपण तोंडी नकार दिला, कृपया कारणांसह लेखी कळवावे’ असं एक ओळीचं पत्र त्याच दिवशी द्यावं आणि त्याचीही पोच घ्यावी. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायचं तर कारणं असलेला कागद लागतो. बऱ्याचदा हे पत्र गेल्यावर पर्यायी मार्ग सुचवला जातो. मार्ग बदलायला हरकत नसावी, पण बदललेल्या जागेवरून तुमचं म्हणणं ज्याच्यापर्यंत जायचं त्याच्यापर्यंत जाईल का, हे विचारावं. मैदान आतल्या गल्लीत असेल आणि तिथे कोणी मंत्री, कोणी अधिकारी निवेदन घ्यायला येणार नसेल, तर ‘निवेदन स्वीकारायला कोण येणार आणि किती वाजता’ ही अट आपणही घालावी. अटी फक्त एका बाजूनेच असतात असं कुठे लिहिलेलं नाही.

भोंग्यांबद्दल थोडक्यात: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि दवाखाने, शाळा-महाविद्यालयं, न्यायालयांपासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी ते. पुढच्या जीपवर दोन मोठे भोंगे लावण्यापेक्षा दर दीडशे-दोनशे मीटरवर एक छोटा भोंगा ठेवला तर आवाजही मर्यादेत राहतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत सूचना जाते. शेवटच्या रांगेचं महत्त्व पुढे सांगतो.

उपोषणाच्या अर्जात ‘आमरण’ हा शब्द लिहिण्याआधी विचार करावा. भारतीय न्याय संहितेचं कलम २२६ सरकारी सेवकाला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करण्याबद्दल आहे, एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेचं. ‘बेमुदत’ लिहिल्याने निर्धार कमी होत नाही. रोज वजन, रक्तदाब, साखर तपासून त्या नोंदींवर डॉक्टरची सही घ्यावी.

आता गर्दीचं गणित. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि याच्यावरच सर्वांत कमी बोललं जातं.

दहा हजार माणसं सहा-सहाच्या रांगेत निघाली, दोन रांगांत दीड मीटर अंतर धरलं, तर साधारण १,६६७ रांगा होतात आणि मोर्चाची लांबी अडीच किलोमीटर. बाया, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं असतील तर चाल ताशी तीन किलोमीटर. म्हणजे एका चौकातून सगळा मोर्चा जायला पन्नास मिनिटं. स्टेडियमपासून निघालेल्या मोर्चाचं तोंड टी-पॉइंटला बॅरिकेडशी थांबतं, तेव्हा शेपूट अजून निघालेलंसुद्धा नसतं. मागच्यांना पुढे काय झालं हे माहीत नसतं. ते चालत राहतात.

बारा मीटर रुंद रस्त्यावर ही दहा हजार माणसं चौरस मीटरला दोन या हिशेबाने उभी राहिली तर सव्वाचारशे मीटर रस्ता लागतो; तेवढ्यात बसता येतं, पाणी वाटता येतं. चौरस मीटरला चार झाली की दोनशे मीटरमध्ये मावतात, पण मग वाट काढता येत नाही. पाचच्या पुढे माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो की गर्दीच्या दाबावर, हे सांगता येत नाही. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागते, मागून आलेली लाट पुढे जाऊन आदळते. अशा वेळी माणसं बहुतेकदा पायाखाली चिरडून मरत नाहीत, छाती दाबली जाऊन, श्वास न घेता आल्याने, उभ्या उभ्या मरतात. पुढे लोखंडी बॅरिकेड, मागून ढकलणारे लोक, आणि बाजूला बंद दुकानांची शटरं.

२३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून विदर्भाच्या गावागावांतून गोवारी समाजाची हजारो माणसं अधिवेशनावर आली होती. गुरं राखणारी माणसं, बरोबर बायका आणि लेकरं. सरकारकडून कोणी निवेदन घ्यायला यावं म्हणून ती थांबून होती. संध्याकाळी पोलिसांच्या लाठ्या चालल्या, पळापळ झाली, बॅरिकेडपाशी आणि रस्त्यात माणसांवर माणसं पडली. ११४ जण गेले, त्यांत बायका आणि मुलं जास्त. आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोग बसला. झिरो माइलजवळ शहीद स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आणि दर वर्षी २३ नोव्हेंबरला माणसं तिथे फुलं वाहायला येतात. त्यांच्या मागणीचं काय झालं? २०१८ च्या ऑगस्टमध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

त्या दिवशीचा जमाव हिंसक होता की नव्हता, या चर्चेपेक्षा मला एक गोष्ट जास्त टोचते. इतकी माणसं तासन् तास उभी असताना कोणी बाहेर येऊन बोललं असतं, तर बहुतेक जण संध्याकाळच्या गाड्यांनी घरी गेले असते. तिथे पोच मिळाली नव्हती. आणि ज्यांना पांगायला सांगितलं त्यांना पांगायला जागा नव्हती.

म्हणून बंदोबस्ताचा नकाशा बघताना पहिला प्रश्न बाहेर पडायच्या वाटेचा असावा. बॅरिकेड समोर असेल तर बाजूच्या दोन गल्ल्या मोकळ्या हव्यात, आणि मागून कधीही बंद करू नये. एका कडेने तीन मीटरची पट्टी रुग्णवाहिकेसाठी दोरी धरून राखावी. बॅरिकेडच्या रांगेत मध्ये एक उघडणारी जागा ठेवावी, तिथे कुलूप नको, माणूस हवा. दर पन्नास लोकांमागे एक स्वयंसेवक, दंडाला पट्टी, आणि शेवटच्या रांगेत फोन असलेला एक जबाबदार माणूस. तोंड थांबलं की शेपटाने जिथे असेल तिथे थांबायचं. पोलिसांच्या बाजूनेही असाच माणूस शेवटी हवा. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिपायाला इथल्या गल्ल्या ठाऊक नसतात. पहाटे पाचपासून उभा असलेला, डबा उशिरा मिळालेला तो पोरगा लोकांना ‘तिकडे जा’ म्हणतो तेव्हा तिकडे रस्ता आहे की भिंत, हे त्याला कोणी सांगितलेलं नसेल तर दोष त्याच्या एकट्याचा कसा? सकाळच्या हजेरीत दहा मिनिटं नकाशा दाखवायला लागतात.

जमाव पांगवण्याचा हुकूम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ खाली कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. ठाण्याचा प्रभारी नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी. हुकूम लोकांना कळेल अशा भाषेत, भोंग्यावरून, पुन्हा पुन्हा सांगायला हवा, आणि मग तो पाळायला वेळ द्यायला हवा. अडीच किलोमीटरच्या मोर्चात पुढच्या शंभर मीटरला ऐकू गेलेला इशारा हा सगळ्यांना दिलेला इशारा होत नाही. बळ लागलंच तर लागेल तेवढंच, आणि लाठी कमरेच्या खाली.

त्यानंतर येतं ‘ताब्यात घेतलं’. वर्तमानपत्रात हा शब्द रोज येतो, पण तो म्हणजे अटक नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे. ‘वाजवी’ हा शब्द कायद्यात आहे. न पाळणाऱ्याला कलम ६९ खाली बाजूला करता येतं, आणि किरकोळ बाबीत वेळ टळल्यावर सोडून देता येतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७२ याच वळणाचं आहे, चोवीस तासांच्या मर्यादेसह. म्हणून दुपारी गाडीत बसवून कुठल्या मैदानात किंवा सभागृहात नेलेली माणसं संध्याकाळी सुटतात. त्या वेळेत तीन गोष्टी कराव्यात: किती जणांना नेलं त्यांची नावं लिहून बाहेर पाठवावी, कोणत्या कलमाखाली नेलं ते विचारावं, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हे संहितेच्या कलम ३६ मध्येच आहे. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

मोर्चाच्या आदल्या रात्री येते ती नोटीस. लोक अजून तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ आहे. ती ताकीद आहे, बंदी नव्हे. घ्यावी, वाचावी, ‘मोर्चा शांततेत आहे, परवानगीचा अर्ज अमुक तारखेला दिला’ असं लेखी उत्तर द्यावं.

गुन्हा नोंदला तर बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ असतं, जुनं १८८: हुकमाचा भंग. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, आणि जिवाला धोका झाला तर एक वर्ष किंवा ५,००० रुपये. पण न्यायालय त्याची दखल संबंधित सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकतं. ठाण्याचं नुसतं दोषारोपपत्र चालत नाही. ही एक बाब तपासली तर कितीतरी खटले पहिल्याच तारखेला कोसळतात. तरी ‘किरकोळ कलम आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीत, कोणाच्या पासपोर्टात ते वर्षानुवर्षं अडकतं. शासन अधूनमधून सामाजिक आणि राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय काढतं, जीवितहानी नसणं आणि नुकसानीची मर्यादा अशा अटींसह. पण शेवटी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागते. ज्यांनी रस्त्यावर बोलावलं, त्यांनी या पोरांच्या तारखांनाही हजर राहायला हवं.

रस्ता अडवण्याबद्दल माझं मत अनेक मित्रांना पटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी नागपूर-हैदराबाद महामार्ग अडवला, आणि नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही ७ ऑक्टोबर २०२० ला शाहीन बाग प्रकरणात म्हटलं होतं की सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, आंदोलनं ठरवून दिलेल्या जागी व्हावीत. अनिश्चित काळ अडवू नये हे मला मान्य आहे. अडकलेल्या ट्रकचालकाचा आणि प्रसूतीला निघालेल्या बाईचाही तोच रस्ता आहे. पण ठरवून दिलेली जागा अशी हवी की तिथे बसलेला माणूस दिसतो, ऐकू येतो, आणि त्याला उत्तर मिळतं. कापसाला भाव नाही म्हणून आलेला शेतकरी मैदानात तीन दिवस बसला तर कोणी फिरकत नाही, आणि महामार्गावर बसला की रात्रीत बैठकीचं बोलावणं येतं, असं होत असेल, तर महामार्गावर जायला त्याला शिकवलं कोणी?

मोबाइलचा कॅमेरा हल्ली मोर्चाची वही झाला आहे. सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रण करायला कोणत्याही कायद्याने सरसकट मनाई केलेली नाही. त्याच्या कामात अडथळा मात्र आणायचा नाही. चार पावलं दूर उभं राहावं, अखंड चित्रण करावं, सुरुवातीला चौकाचं नाव आणि वेळ बोलावी. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितांच्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथलं चित्रण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

संध्याकाळ झाली की शिष्टमंडळाच्या पाच-सहा जणांना पोलिसांच्या गाडीतून आत नेतात. इथे शेवटची चूक होते. मंत्री सभागृहात असतात, स्वीय सहायक निवेदन घेतो, फोटो निघतो, आणि माणसं रिकाम्या हाताने परत येतात. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय खोलीतून उठू नये. तोंडी आश्वासन मिळालं तर तिथेच त्याच्या तीन ओळी लिहून त्यावर सही मागावी. सही नाही मिळाली तर ‘सही देण्यास नकार’ असं त्याच कागदावर लिहावं.

परत आल्यावर आधी शेवटच्या रांगेला सोडावं, मग मधल्यांना, सर्वांत शेवटी बॅरिकेडशी असलेल्यांना. पुढच्यांनी वळून मागच्यांवर चालून जाऊ नये. पण त्याच्याही आधी, कोणी हलायच्या आत, प्रतीवरचा तो क्रमांक आणि ती तारीख सगळ्या भोंग्यांवरून सावकाश वाचून दाखवावी. गोंदियाची गाडी गाठायच्या घाईत चपला शोधणारी शेवटच्या रांगेतली बाई तो आकडा मनात धरून गावी गेली पाहिजे.